गदा कुणाची, मोठेपण कुणाचं?

घोटीत महामार्गालगतच्या टपरीवर कुस्तीचा विषय निघाला, की चहा येईपर्यंत तो तालुक्याच्या शिवेवर जाऊन पोहोचतो. हर्षवर्धन सदगीर आपला की पलीकडच्यांचा? पलीकडचे म्हणजे कळसूबाईच्या पलीकडचे, अकोल्याचे. नाशिक जिल्ह्याला पहिल्यांदा महाराष्ट्र केसरीची गदा मिळाली ती जानेवारी 2020 मध्ये, पुण्याच्या बालेवाडीत. ती आणणारा पैलवान मूळचा अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा, बीजमाता राहीबाई पोपेरे यांच्या गावचा. एवढ्यावरून काही जण ठामपणे सांगतात, की ही गदा नगरचीच, नाशिकनं ती उसनी घेतली.

असं नाही. पैलवान स्पर्धेत उतरतो तो जिल्ह्याच्या तालीम संघाकडून. जन्मदाखल्यावरचं गाव तिथे निर्णायक नसतं. हर्षवर्धन घडला भगूरच्या तालमीत, पुढे पुण्यात काका पवारांकडे, आणि उतरला नाशिककडून. कोंभाळण्यानं त्याचा अभिमान बाळगावा, भगूरनंही बाळगावा. घोटीचं म्हणाल तर आपण दोन्हींच्या वाटेवर आहोत, एवढाच आपला हक्क.

दुसरा वाद निकालाचा. त्या अंतिम लढतीत हर्षवर्धननं लातूरच्या शैलेश शेळकेला 3-2 असं हरवलं. ‘पाठ लागली नाही, मग कसला केसरी?’ हा प्रश्न जुनी माणसं हमखास विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर जत्रेतली कुस्ती असते. तिथे हलगी वाजत राहते, जोड निकाली होईपर्यंत झुंजते, नाहीतर पंच ती बरोबरीत सोडवतात. स्पर्धेचं गणित निराळं आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मधे अर्ध्या मिनिटाची विश्रांती. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक. दहा गुणांची आघाडी झाली तर लढत तिथेच संपते. चितपट आजही आहेच. दोन्ही खांदे टेकले की गुणफलकावर काहीही असो, कुस्ती संपली. पण सहा मिनिटं तुल्यबळ गड्याला अंगाला लागू न देणं हे कमी कसब नव्हे. माझ्या मते तर एका चुकीवर मिळालेल्या चितपटीपेक्षा ते अवघड आहे.

‘मातीतला खरा, गादीवरचा नाजूक’ हेही असंच. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात. 2020 ला हर्षवर्धन गादीतून आला होता, शैलेश मातीतून. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे! निकालानंतर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. टपरीवर मात्र त्या दोघांच्या नावानं अजून गट पडतात.

सगळ्यांत पक्का बसलेला समज असा, की महाराष्ट्र केसरी म्हणजे राज्यातला सर्वश्रेष्ठ मल्ल. आजच्या नियमाप्रमाणे हा गट 86 ते 125 किलोंचा आहे. त्याखालच्या वजनाच्या पैलवानाला ही गदा मिळण्याचा प्रश्नच येत नाही. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकात कांस्यपदक आणलं ते 57 किलो गटात. महाराष्ट्र केसरीचा पहिला मान दिनकर दह्यारींना मिळाला तो त्यानंतर, 1961 मध्ये. बीडच्या राहुल आवारेकडे 2018 चं राष्ट्रकुल सुवर्ण आहे, 2019 च्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य आहे, गदा नाही. खुद्द काका पवार हलक्या वजनाचे अर्जुनवीर. गदांवरून मोठेपण मोजायचं ठरवलं तर हे तिघेही यादीबाहेर राहतील, आणि असली यादी मला तरी मान्य नाही.

गदा मोजणाऱ्यांना उत्तर म्हणून नरसिंग यादव आणि विजय चौधरी ही नावं पुढे येतात, कारण दोघांनी प्रत्येकी लागोपाठ तीनदा किताब घेतला. मग दोघे सारखेच का? नरसिंग 74 किलो गटात लंडन ऑलिंपिकपर्यंत गेला आणि 2015 मध्ये जागतिक कांस्यपदक घेऊन आला. तीन आणि तीन बरोबर असले तरी कारकिर्दी सारख्या नाहीत. अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांचंही हेच दुखणं आहे. बिल रसेलनं तेरा हंगामांत अकरा अजिंक्यपदं मिळवली, तरी ‘सर्वांत मोठा कोण’ म्हटलं की बहुतेक जण सहा अजिंक्यपदांच्या मायकेल जॉर्डनचं नाव घेतात. आकड्यानं वाद मिटत असता तर तिकडे तो केव्हाच मिटला असता.

आणि आकडा तरी कुठला धरायचा? ‘एका वर्षाला एकच महाराष्ट्र केसरी’ हाही आता गैरसमजच झालाय. नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे, तोही अंतिम लढतीत आपल्या हर्षवर्धनला हरवून. 2025 मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला, कर्जतला वेताळ शेळके. संघटना दोन, त्यामुळे स्पर्धा दोन. ‘खरा कोणता’ यावर माणसं हमरीतुमरीवर येतात, पण यात पैलवानांचा काय दोष? समोर आलेली जोड त्यांनी जिंकली. भांडण कार्यालयांतलं आहे, आखाड्यातलं नाही.

जाता जाता एक. ‘महाराष्ट्र केसरी’ हा शब्द आता फक्त पुरुषांचा राहिलेला नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. टपरीवरच्या यादीत हे नाव अजून कुणी धरत नाही.