पडद्यावरचे बाळूमामा, तळावरचे बाळूमामा

मुरगूड – निपाणीहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वेदगंगेच्या काठी वसलेले मुरगूड हे कागल तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. अमावास्येला या गावातून वाहनांची जी रीघ लागते ती मुरगूडसाठी नसते. ती पुढे काही किलोमीटरवर, भुदरगड तालुक्याच्या हद्दीतील आदमापूरकडे जात असते. तेथे धनगर समाजात जन्मलेल्या संत बाळूमामांचे समाधिमंदिर आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात हे नाव तीन पिढ्यांपासून घराघरांत आहे. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय वाचकाला मात्र ते प्रामुख्याने कळले ते ऑगस्ट २०१८ पासून, कलर्स मराठी वाहिनीवर ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ ही मालिका सुरू झाल्यावर.

तेव्हापासून एकाच व्यक्तीची दोन चित्रे महाराष्ट्रात वावरत आहेत. एक मालिकेतले, दुसरे तळावरचे. (मेंढपाळ आपल्या कळपासह जेथे मुक्काम करतात त्या जागेला तळ म्हणतात, आणि या भागात ‘बकरी’ म्हटले की ती बहुधा मेंढरेच असतात.) या दोन चित्रांकडे भाविक कसे पाहतात आणि बाहेरचा माणूस कसा पाहतो, हा प्रश्न दिसतो त्याहून गुंतागुंतीचा आहे.

बाळूमामांचा जन्म ३ ऑक्टोबर १८९२ रोजी निपाणीजवळच्या अक्कोळ येथे झाला आणि ४ सप्टेंबर १९६६ रोजी त्यांनी आदमापुरात देह ठेवला. या दोन गावांच्या मधून १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची सीमा गेली. बकऱ्यांना ती कधी कळली नाही, आणि मामांनाही तिचे फारसे सोयरसुतक असावे असे वाटत नाही. त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा मिसळलेल्या असत. डोक्याला फेटा, धोतर, अंगात सदरा, खांद्यावर घोंगडे, हातात काठी असा त्यांचा वेश. मठ नाही, प्रवचन नाही. आयुष्यभर बकऱ्यांमागे चालणे, हाच त्यांचा प्रपंच आणि हाच परमार्थ. आणखी एक गोष्ट भाविक आवर्जून आणि काहीशा अभिमानाने सांगतात : मामा शिव्या देत. त्यांची शिवी म्हणजे आशीर्वाद, अशी श्रद्धा आहे आणि ज्याला ती मिळाली तो स्वतःला भाग्यवान समजे.

दैनंदिन मालिकेला हा माणूस जसाच्या तसा पेलणे अवघड होते. रोज रात्री, कुटुंबासमवेत पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमात शिवी चालत नाही. कानडी मिश्रित बोली मुंबईच्या प्रेक्षकाला कळेल तेवढीच ठेवावी लागते. आणि रोजच्या भागाला शेवटी एखादे वळण लागते. वर्षानुवर्षे बकऱ्यांमागे चालण्यात वळणे कमी असतात. मग गावातील दुष्ट माणूस येतो, संकट येते, चमत्कार येतो. बालपणीच्या बाळूच्या भूमिकेत समर्थ पाटील आणि पुढे सुमीत पुसावळे यांनी ही व्यक्तिरेखा घरोघरी नेली. मालिका काही वर्षे चालली, यावरून तिच्या लोकप्रियतेची कल्पना यावी.

ही मालिका बघणाऱ्यांपैकी बाहेरच्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एकाला त्यात अंधश्रद्धेचा प्रसार दिसतो. दुसऱ्याला लोकसंस्कृतीचा रंग दिसतो : भंडारा, घोंगडे, ढोल, रांगडी बोली. पहिला रागावतो, दुसरा कौतुक करतो. पण दोघांचीही नजर पडद्यावर जे चालले आहे त्यावरच असते. भाविकाचे तसे नाही. तो मालिका पाहत असताना ती नट, पटकथा, दिग्दर्शन अशी सुटी करून पाहत नाही. त्याच्या लेखी ते एक प्रकारचे दर्शन असते. मामांचे नाव आले की हात जोडले जातात, मग समोरचा फेटा रंगभूषाकाराने बांधलेला का असेना.

हे काही नवे नाही, आणि कोल्हापूरला तर मुळीच नवे नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९३६ मध्ये तिने ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला. दिग्दर्शक होते विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, ही गोष्ट अभ्यासकांच्या लक्षात आहे. सामान्य वारकऱ्याच्या लक्षात राहिले ते विष्णुपंत पागनीस. लोक त्यांच्या पाया पडत. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना तर अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटली. कवीला याहून मोठी पावती कोणती आणि इतिहासकाराला याहून मोठी डोकेदुखी कोणती!

‘संत तुकाराम’चे एक दिग्दर्शक मुसलमान होते, आणि वारकऱ्यांनी तो चित्रपट आपला मानला. त्यानंतर सात दशकांनी कागलच्या मातीत वाढलेल्या, शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मराठी लेखकाची तुकोबांवरची कादंबरी वारकऱ्यांनी आपली मानली नाही. ‘झोंबी’कार डॉ. आनंद यादव यांची ‘संतसूर्य तुकाराम’ ही ती कादंबरी, २००८ सालची. तिच्यात तुकारामांच्या तारुण्याचे जे चित्रण होते ते संतांची बदनामी करणारे आहे, असा आक्षेप घेतला गेला. यादव तेव्हा महाबळेश्वरच्या ८२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नियोजित अध्यक्ष होते. त्यांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेण्यात आली, तरीही विरोध शमला नाही. अखेर त्यांनी राजीनामा दिला आणि मार्च २००९ मधील ते संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले.

त्या वेळची चर्चा अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य विरुद्ध भावना दुखावणे, अशी झाली. साहित्यिकांनी एक बाजू घेतली, फडकऱ्यांनी दुसरी. कादंबरीकाराला माफी मागायला आणि पुस्तक मागे घ्यायला भाग पाडणे हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नव्हते. परंतु भाविकांना नेमके काय खुपले, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी फारसा विचारला नाही. संत माणूस होता, त्याच्याकडून चुका झाल्या, हे वारकऱ्यांना अमान्य नाही; तुकोबा स्वतःच आपल्या अभंगांत आपले दोष उघडपणे मांडतात. बाळूमामांच्या शिव्याही भाविकच सांगतात. मग तेच कादंबरीत आले की बदनामी का ठरते?

उत्तर बहुधा असे आहे की, संताने स्वतः दिलेली कबुली आणि भक्ताने सांगितलेली आठवण यांत पुढे काय होणार आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. शिवीच्या आड आशीर्वाद आहे, दोषाच्या पलीकडे विठ्ठल आहे. वास्तववादी कादंबरी ही पलीकडची जागा ठेवत नाही. तिला कारणे हवी असतात : वय, परिस्थिती, दुष्काळ, कर्ज. भाविक तपासतो ती नेमकी हीच जागा. लेखक कोणत्या जातीचा वा धर्माचा आहे हे त्या मानाने दुय्यम ठरते. फत्तेलाल यांना ती जागा ठेवता आली. मालिकेने शिव्या गाळल्या, बोली सौम्य केली, प्रसंग रचले, म्हणजे तपशिलाशी तिने कादंबरीइतकेच किंवा जास्त स्वातंत्र्य घेतले. पण ती जागा ठेवली. त्यामुळे तपशिलांचे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

हीच कोंडी दूर अमेरिकेतही दिसते. १८३० मध्ये स्थापन झालेल्या आणि यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या मॉर्मन पंथाने १८९० मध्ये बहुपत्नीकत्वाची प्रथा सोडण्याचे जाहीर केले. तरी २००६ मध्ये ‘बिग लव्ह’ ही गाजलेली मालिका आली ती यूटातील बहुपत्नीक कुटुंबावरच. बाहेरच्यांना त्या पंथाची तीच एक गोष्ट ठाऊक होती. २०११ मध्ये ब्रॉडवेवर ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे पंथाची यथेच्छ थट्टा करणारे संगीत नाटक आले आणि त्याला टोनी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा मान मिळाला. पंथाने बंदीची मागणी केली नाही. उलट पुढे नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेतच त्याने जाहिराती दिल्या. आशय असा, की नाटक पाहिलेत, आता मूळ ग्रंथही वाचा. २०१८ मध्ये मात्र पंथाच्या प्रमुखांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये, पूर्ण नाव घ्यावे, असा आग्रह धरला. थट्टा सोसू, पण आमचे नाव आम्ही ठरवू, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रातील कायद्यालाही ही रेषा आखावी लागली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या ऑगस्ट २०१३ मधील हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात दिवंगत संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रचार व प्रसार करणे यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहे. म्हणजे मालिकेत बाळूमामांचा चमत्कार दाखवणे हा गुन्हा नाही. जिवंत माणसाने मात्र त्या नावावर चमत्काराचा दावा करून कोणाची फसवणूक केली, तर तो गुन्हा ठरू शकतो. हा भेद केवळ कागदावरचा नाही. २०२१ मध्ये बाळूमामांच्या नावाचा वापर करून फसवणूक झाल्याच्या तक्रारीवरून बारामतीत गुन्हा नोंदवला गेला होता. त्या तक्रारीचे जे व्हायचे ते होवो. पण एखाद्या संताचे नाव पडद्यावरून लाखो घरांत गेले की त्या नावावर हक्क सांगणारेही वाढतात, ही आदमापूरकरांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही.

बाहेरून पाहणारा प्रत्येक जण उथळ असतो असेही नाही. गुंथर सोन्थायमर हे जर्मन अभ्यासक महाराष्ट्रातील धनगरांमध्ये हिंडले, त्यांच्या ओव्या-कथा टिपल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावर १९७६ मध्ये जर्मन भाषेत ग्रंथ लिहिला. त्याच सुमाराला शहरी मराठी वाचकाला धनगरांच्या दैवतांची माहिती कितपत होती, हे विचारण्यात अर्थ नाही. वृत्तपत्रांची स्थिती आजही फारशी वेगळी नाही. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेचे छायाचित्र दरवर्षी छापून येते : आसमंत भंडाऱ्याने पिवळा, त्यात न्हाऊन निघालेले चेहरे. फरांडेबाबांची भाकणूक दोन ओळींत येते. पाऊस, पीक, रोगराई यांविषयीचे ते बोल मेंढपाळांना वर्षभर का लागतात, याला बातमीत जागा नसते.

आदमापूरच्या बाबतीत जी गोष्ट कॅमेऱ्यात क्वचितच येते ती बकऱ्यांची. बाळूमामांच्या मागे त्यांच्या बकऱ्यांचे कळप, म्हणजे ‘बग्गे’, महाराष्ट्र आणि कर्नाटकात आजही फिरत असतात. सेवेकरी ती राखतात. बग्गा आपल्या शिवारात यावा अशी शेतकऱ्यांची इच्छा असते. रानात बकरी बसली की लेंडीखत पडते, हा त्यातला रोखठोक हिशेब; मामांची बकरी आली म्हणजे रानाचे भाग्य उजळले, ही श्रद्धा. शेतकरी या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगत नाही आणि त्याला तसे विचारले तर प्रश्नच कळत नाही. संध्याकाळी तळावर आरती होते, गावकरी नैवेद्य आणतात, पंगत बसते. पावसाळ्यात हेच सेवेकरी चिखलात, उघड्यावर रात्री काढतात; कोकरांची विण असेल तर झोपही मिळत नाही. रानातला चारा संपला की तळ उठतो आणि बकरी पुढच्या गावाच्या शिवाराला लागतात.