व्हॉइस आणि प्रयोग : इंग्रजीच्या तासाचा मागोवा

मराठी माध्यमाच्या नववीतल्या मुलाला ‘मांजराने उंदीर मारला’ या वाक्याचा प्रयोग विचारा. ‘कर्मणी’, असं तो सांगेल आणि ते बरोबर आहे. पुढच्या तासाला हेच वाक्य इंग्रजी होऊन फळ्यावर येतं, ‘द कॅट किल्ड द रॅट’, आणि त्याचं उत्तर ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’. तेही बरोबर आहे. पण कर्मणी म्हणजे पॅसिव्ह अशी खूणगाठ मुलाने आपली आपणच बांधून ठेवलेली असते, आणि ती इथे सुटते. मराठीत क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, उंदीर मारला, घूस मारली, म्हणून प्रयोग कर्मणी. इंग्रजीत करणारा उद्देश्याच्या जागी बसला आहे, म्हणून व्हॉइस ॲक्टिव्ह. दोन्ही संज्ञा वाक्यातल्या वेगवेगळ्या गोष्टींकडे बघतात. ही पाच मिनिटांत समजावता येण्यासारखी गोष्ट शाळेत क्वचितच कुणी सांगतं, कारण ती मराठीच्या तासाचीही नसते आणि इंग्रजीच्याही. या दोन तासांमधली भिंत मुळात नव्हती. ती पुढे उभी राहिली, आणि कशी उभी राहिली हे सांगण्यासाठी हा मागोवा.

सुरुवात 1836 सालापासून करतो. दादोबा पांडुरंग तर्खडकर तेव्हा विशी नुकतीच ओलांडलेले तरुण होते. त्या वर्षी त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध झालं आणि पुढे लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. त्यांच्यापुढे नमुना मात्र इंग्रजी होता : लिंडली मरे यांचं 1795चं व्याकरण. मरे अमेरिकेतून इंग्लंडला येऊन यॉर्कजवळ स्थायिक झालेले वकील. क्वेकर पंथाच्या एका मुलींच्या शाळेसाठी त्यांनी पुस्तक लिहिलं, आणि ते इंग्रजी जिथे जिथे गेली तिथे तिथे पोचलं. म्हणजे यॉर्कमधल्या मुलींसाठी केलेली मांडणी चाळीस वर्षांत मुंबईत मराठीला लागू झाली. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. इंग्रजीनेही ती मांडणी लॅटिनकडून घेतली होती आणि लॅटिनने ग्रीककडून. इसवी सनापूर्वी सुमारे शंभर वर्षं डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या छोट्या ग्रीक व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग आहेत.

आपल्या आठ शब्दजातींचं कूळही हेच. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही यादी आपण इतकी तोंडपाठ केलेली असते, की ती संस्कृतातून आली असावी असंच वाटतं. संस्कृत परंपरेत असे आठ वर्ग नाहीत. यास्काने निरुक्तात चारच मानले : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीला पदांचे दोन प्रकार पुरले, सुबन्त आणि तिङन्त. शब्द जुने, संस्कृत घडणीचे. खण मात्र इंग्रजी व्याकरणाचे. विरामचिन्हांचीही अशीच कथा. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात सहभागी असलेले मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक काढलं आणि स्वल्पविराम, अर्धविराम मराठी छापील पानावर रुळले.

त्या काळात दोन्ही भाषांचं व्याकरण एकाच माणसाच्या टेबलावर असायचं, याचं मला फार मोल वाटतं. दादोबांचे बंधू आत्माराम हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी सुधारावं म्हणून 1878 साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर त्यांच्या मुंबईच्या घरी राहिले होते, आणि त्यांना इंग्रजी शिकवलं आत्मारामांची मुलगी अन्नपूर्णा हिने. पण सामान्य मराठी घरात तर्खडकर हे नाव पोचलं ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’मुळे. शब्द, नियम, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी. ‘तर्खडकरी इंग्रजी’ असं म्हणून त्या पद्धतीला पुढे पुष्कळ नावं ठेवली गेली. त्या इंग्रजीला बोलीचा कान नव्हता हे खरंच. पण त्या पुस्तकात मुलगा प्रत्येक वाक्याला दोन्ही भाषांतून जात असे. कर्ता कुठे सरकला, शब्दयोगी अव्यय नामामागून उठून पुढे कसं गेलं, क्रियापद शेवटून मध्ये कसं आलं, हे त्याला रोज हाताने करावं लागे.

1911 साली तीन घटना तीन ठिकाणी घडल्या. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झालं. इंग्लंडमध्ये सोनेनशाइन यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने व्याकरणाच्या संज्ञांवर अहवाल दिला. शाळेत लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला एकाच गोष्टीला चार शिक्षकांकडून चार नावं ऐकावी लागू नयेत, हा त्या समितीचा हेतू होता. आणि पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन या मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाधिकाऱ्याचं, हिंदुस्थानी शाळांत इंग्रजी ‘डायरेक्ट’ पद्धतीने कसं शिकवावं यावरचं पुस्तक त्याच वर्षी आलं. डायरेक्ट म्हणजे मुलाच्या भाषेची मध्यस्थी टाळून.

दामल्यांच्या ग्रंथाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आधीच्या वैयाकरणांचं प्रत्येक मत समोर मांडून, त्याची कारणं तपासून, मगच ते आपलं मत देतात. प्रयोगासारख्या प्रकरणात इंग्रजीची आणि संस्कृतची चौकट मराठीला कुठे बसते, कुठे काचते, हे ते मराठी वाक्यं समोर ठेवून पाहतात. मोरो केशव हे केशवसुतांचे भाऊ. एका भावाने मराठीचं व्याकरण उभं केलं. दुसऱ्याने इंग्रजी सॉनेट मराठीत आणून चौदा ओळींच्या कवितेला घर दिलं. इंग्रजीच्या तासाला शिकलेली संज्ञा आपल्या भाषेत नेऊन तिचं काय करता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला एका घरात दाखवता येणार नाही.

पण शाळांनी वाट धरली ती रेनची, आणि तीही उलट्या बाजूने. याच रेनने पुढे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिली आणि 1930च्या दशकाच्या मध्यावर मार्टिन यांच्यासह ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड काँपोझिशन’ हे पुस्तक केलं. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी ते छापलं. तीन पिढ्यांनी त्याला ‘रेन अँड मार्टिन’ एवढंच म्हटलं. डायरेक्ट पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाचं नाव व्याख्या आणि रिकाम्या जागांच्या घोकंपट्टीला चिकटलं. पुस्तक वाईट नाही. त्यातली वर्गवारी आजही कामाला येते. पण त्यात मराठी, तमिळ, पंजाबी मुलाच्या भाषेला जागा नाही. तर्खडकरांच्या पानावर समोरासमोर असलेल्या दोन भाषांपैकी एक इथे पान सोडून गेली. भिंत इथे पक्की झाली असं मी मानतो.

याची किंमत काळांच्या धड्यात सर्वांत स्पष्ट दिसते. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ हे मराठीतलं अगदी साधं, रोजचं वाक्य. मराठीच्या तासाला त्याचं नाव पूर्ण भूतकाळ. इंग्रजीच्या तासाला पास्ट परफेक्ट शिकवला जातो आणि मुलगा लिहितो : ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ लाल शाईचा फराटा ओढला जातो, कारण दिलं जात नाही. मराठीत ‘गेलो होतो’ म्हणताना गोष्ट होऊन गेली, मी परतही आलो, एवढं पुरतं. इंग्रजीत भूतकाळातल्या दुसऱ्या कुठल्या घटनेच्या आधी ही घडली, असा संदर्भ लागतो. हे एकदा सांगितलं की ती चूक जाते. मी वर्गात ते अनेकदा पाहिलं आहे.

स्वातंत्र्यानंतरचा काळ झरझर सांगता येईल. मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून शिकवलं गेलं. 1958 साली हैदराबादला इंग्रजीच्या अध्यापनाची केंद्रीय संस्था आली, साठच्या दशकात ‘स्ट्रक्चर’चा बोलबाला झाला आणि संज्ञा मागे पडून वाक्यांचे साचे पुढे आले. 1967 साली पुण्यात बालभारती स्थापन झाली. 1979 पासून पाच वर्षं एन. एस. प्रभू यांनी बंगळुरूच्या प्रकल्पात व्याकरण न सांगता, कामं देऊन भाषा शिकवून पाहिली. जगभर त्याची चर्चा झाली. अमेरिकेत 1963च्या ब्रॅडॉक अहवालाने तर असा निष्कर्ष काढला होता, की औपचारिक व्याकरणामुळे लेखन सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ खाल्ला जाऊन नुकसान होऊ शकतं. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. या सगळ्या बदलांत व्याकरण किती शिकवायचं यावर वाद झाले. मुलाला आधीच येत असलेल्या व्याकरणाचं काय करायचं, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही.

साहित्याच्या संज्ञांची स्थिती याहून अवघड, कारण तिथे आपली परंपरा इंग्रजीहून जुनी आणि बारीक आहे. भरताने नाट्यशास्त्रात चार अलंकार सांगितले, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शतकांत ती संख्या कितीतरी पटींनी वाढली. इंग्रजीतही 1589 साली जॉर्ज पुटनम यांनी ग्रीक नावांच्या अलंकारांना साधी इंग्रजी नावं द्यायचा हौशी प्रयत्न केला होता. तो टिकला नाही. आज अकरावी-बारावीच्या मुलाला सिमिली, मेटाफर, पर्सॉनिफिकेशन, ट्रान्सफर्ड एपिथेट, मेटॉनिमी, ऑक्सिमोरॉन हे सगळं ओळखायचं असतं, आणि मराठीच्या पेपरात उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, व्यतिरेक वेगळे.

‘पायवाट सापासारखी वळत गेली’ ही उपमा. ‘पायवाट जणू सापच’ ही उत्प्रेक्षा. मराठी मुलाला हा फरक ‘जणू’ या एका शब्दावरून कळतो. इंग्रजीच्या तासाला ‘ॲज इफ’ आलं की सगळं सिमिलीच्या पोत्यात जातं, आणि हाती असलेली बारीक नजर वापराविना राहते. उलटही घडतं. ‘सारं गाव देवळापाशी जमलं’ यात गाव म्हणजे गावातली माणसं. मराठीच्या पुस्तकात ही लक्षणा, आणि ती शब्दशक्तीच्या प्रकरणात येते. इंग्रजीत हीच मेटॉनिमी, आणि ती अलंकारांच्या यादीत. प्रकरण वेगळं, म्हणून दोन्ही एकच आहेत हे बहुतेक मुलांना कधी कळतच नाही, आणि मेटॉनिमी ही अवघड संज्ञा म्हणून पाठ होते.

शिवाय या संज्ञा कुणीतरी, कधीतरी, एखाद्या वादात वापरायला म्हणून घडवल्या. ‘पॅथेटिक फॅलसी’ हा शब्द जॉन रस्किन यांनी 1856 साली आणला तो दोष दाखवायला. कवी भावनेच्या भरात निसर्गाला खोटे गुण चिकटवतो, अशी त्यांची तक्रार होती. आता मुलं तीच संज्ञा कवितेचं सौंदर्य म्हणून लिहितात. सपाट आणि गोल पात्रं हा भेद ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927च्या व्याख्यानांत केला. सपाट पात्रंही आवश्यक असतात, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. ते बहुतेक गाइडांमधून गळालं आहे. नव्या बारावीच्या ‘युवकभारती’त कादंबरी हा साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्र विभागात आला, प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर यांवर प्रश्न येऊ लागले. हे मला मनापासून आवडलं. पण ‘श्यामची आई’ किंवा ‘बनगरवाडी’ वाचलेल्या मुलाला हे प्रश्न आधी त्या पुस्तकांवर सोडवू द्यावेत. बनगरवाडीत सेटिंग काय करतं हे सांगू शकणारी मुलगी शेरलॉक होम्सच्या लंडनबद्दल घाबरणार नाही.

यासाठी नवं पुस्तक, नवं धोरण, नवा निधी काहीच लागत नाही. आठवी ते बारावीच्या मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी जूनमध्ये एकदा दोन्ही पाठ्यपुस्तकं घेऊन एकत्र बसावं. प्रयोग आणि व्हॉइस, पूर्ण भूतकाळ आणि पास्ट परफेक्ट, शब्दयोगी आणि प्रेपोझिशन, अलंकार आणि फिगर्स ऑफ स्पीच हे धडे कुठल्या महिन्यात येतात ते पाहावं आणि शक्य तिथे एकाच आठवड्यात घ्यावेत. फळ्याच्या डाव्या बाजूला मराठी वाक्य, उजव्या बाजूला इंग्रजी. मुलांना फरक आपला आपण शोधू द्यावा. आणि शाळेच्या ग्रंथालयात दामले असतील, तर ते कपाटातून काढून शिक्षकांच्या खोलीत ठेवावेत.