नदीच्या नुकसानीचा जमाखर्च

आळंदीच्या घाटावर उभ्या राहणाऱ्या वारकऱ्याला इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना दिसावेत, हे दृश्य आता अपवादाचे राहिलेले नाही. वारी जवळ आली की धावपळ होते, पाण्याचे नमुने घेतले जातात, कारवाईची ग्वाही दिली जाते; सोहळा सरला की सारे पूर्ववत होते. देहूहून तळवडे, चिखली, मोशी ओलांडून आळंदीस पोहोचेपर्यंत या नदीला वसाहतींचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी असे दोन्ही मिळते. हा केवळ श्रद्धेचा प्रश्न नव्हे. चाकण औद्योगिक क्षेत्रालगतच्या निघोजे येथून पिंपरी-चिंचवडसाठी याच नदीतून पिण्याचे पाणी उचलले जाते.

कायद्यांचा दुष्काळ आहे, असे मुळीच म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला व १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवा कायदा १९८१ चा, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतरचा पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले आणि त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. मग नदी का सुधारत नाही?

उत्तर अर्थशास्त्रात शोधावे लागते. उत्पादनाचा जो खर्च उत्पादकाला सोसावा लागत नाही, तो समाजावर पडतो, हे केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते. धातूला मुलामा देणारा एखादा लघुउद्योजक सांडपाण्यावर प्रक्रिया करतो, रसायने व विजेचा खर्च उचलतो. शेजारचा रात्री नाल्यात पाणी सोडून मोकळा होतो. बाजारात स्वस्त ठरतो तो दुसरा. प्रामाणिकपणा तोट्याचा ठरू नये, एवढी व्यवस्था तरी कायद्याने केलीच पाहिजे.

या कसोटीवर अलीकडचे बदल तपासावे लागतील. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा व पर्यावरण कायद्यांतील बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. जल कायद्यात २०२४ मध्ये तसाच बदल झाला. तथापि तो राज्यांनी ठरावाने स्वीकारायचा आहे. फौजदारी खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, हे या बदलाचे समर्थन अगदीच निराधार नाही. परंतु पंधरा लाखांची रक्कम लहान कारखानदाराला उद्ध्वस्त करील आणि मोठ्याच्या ताळेबंदात दिसणारही नाही. असा दंड शिक्षा न राहता परवान्याची फी बनण्याचा धोका आहे. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. नियम करून प्रदूषण मंडळांना नुकसानभरपाई वसूल करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. दंड हा गुन्ह्याचा असतो, भरपाई नदीची. हा भेद विसरता कामा नये.

मात्र मंडळाच्या भरवशावर स्वस्थ बसणेही परवडणारे नाही. साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला न्यायालयात तक्रार करता येते. भरपाईची मागणी नसेल तर हरित न्यायाधिकरणाचे अर्ज शुल्क अवघे एक हजार रुपये आहे. पण सर्वसाधारण अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले १७ मे २०२५ रोजी पाडले गेले, ते अशाच एका अर्जातून निघालेल्या आदेशामुळे. त्या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. पाया खणला जात असतानाच काम थांबवले असते, तर कित्येक कुटुंबांची आयुष्याची पुंजी मातीमोल झाली नसती. उशिरा जागा झालेला कायदा न्याय करतो खरा, पण फार महाग न्याय करतो.

कारखाने हवेत की नदी, हा वादच मुळी खोटा आहे. चाकणच्या कारखान्यात पाळी करून परतणारा कामगार घरी जे पाणी पितो, ते याच खोऱ्यातले असते. प्रत्येक नाल्याच्या मुखाशी पाण्याची नियमित तपासणी व्हावी, तिचे निष्कर्ष ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावेत, आणि परिसरातील महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी ते पडताळून पाहावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. हिशेब उघड्यावर मांडला गेला, की तो चुकवणे कठीण होते.