पुरावा खाली टाकायचं काम

सकाळी ६:५०
कर्वेनगर, पुणे. तिघींच्या खोलीत आरसा एकच, त्यामुळे ती न बघताच वेणी घालते. अंबाडा घालत नाही. अंबाडा असला की हेडसेटचा मागचा पट्टा नीट बसत नाही. तेल फक्त शनिवारी रात्री. रोज लावलं तर पट्ट्याचं कापड तेलकट होतं आणि दुसऱ्याला घालवत नाही.

वय चोवीस. बार्शीजवळच्या गावची, बी.एस्सी. कॉम्प्युटर. तिचं, कंपनीचं, खेळाचं नाव द्यायचं नाही या अटीवर मला दिवसभर शेजारी बसू दिलं आहे. ती व्हिडिओ गेम तपासते. सध्या हातात आहे तो आभासी वास्तवातला, म्हणजे व्हीआरचा खेळ. एका अवकाशस्थानकावर खून होतो आणि खेळणारा स्वतः डिटेक्टिव्ह असतो.

७:४०
बसस्टॉपजवळ पोहे, पंचवीस रुपये. चहा नको म्हणते. भरल्या पोटावर हेडसेट चालतो, पण चहाचं आम्लपित्त झालं तर आत गेल्यावर मळमळतं. हे तिला कुणी शिकवलं नाही. पहिल्या महिन्यात दोनदा उलटी झाली, तेव्हा कळलं.

८:४५
बाणेर. तिसरा मजला. दहा बाय बाराची खोली. फरशीवर पिवळ्या टेपनं आखलेला चौकोन, त्याच्या आत एकही वस्तू नाही. खिडकीला काळा कागद. हा कागद महत्त्वाचा. हेडसेटच्या भिंगांवर ऊन पडलं तर भिंग उन्हाचा एक ठिपका करून आतल्या पडद्यावर टाकतं, आणि पडदा तिथे कायमचा जळतो. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो, तेच.

ती आधी कपाळावरची टिकली काढते आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवते. तिथे आधीच अकरा टिकल्या आहेत. मग पुसापुशी. चेहऱ्याला टेकणारा फोम सॅनिटायझरच्या वाइपनं, भिंगं मात्र कोरड्या मऊ फडक्यानंच. स्पिरिट लागलं की भिंगाचा लेप जातो. कंट्रोलरमध्ये एकेक पेन्सिल सेल. कालचे काढून चार्जरला, रात्री चार्ज झालेले आत.

९:२०
बिल्ड येतो आहे. बिल्ड म्हणजे खेळाची त्या दिवशीची प्रत. समुद्रापारचे लोक तिकडच्या संध्याकाळी ती चढवतात, इकडे सकाळी उतरते. आजची साडेसहा जीबी. तिला रोजचे अकराशे रुपये मिळतात, पण बिल्ड आलाच नाही किंवा आला आणि उघडलाच नाही, तर अर्धा दिवस धरतात. मार्चमध्ये असे चार दिवस झाले. त्यामुळे पट्टी शंभरावर जाईपर्यंत ती दुसरं काही बोलत नाही.

उघडला.

९:५०
पहिली फेरी भरभर. सुरू होतो का, आवाज येतो का, सेव्ह होतो का, पुन्हा उघडतो का. ती चौकोनात उभी राहते, हवेत हात फिरवते, अदृश्य दार ढकलते. मी तिला काय दिसतंय ते बाजूच्या मॉनिटरवर बघतो. स्थानकाचा लांब बोगदा. काचेपलीकडे पृथ्वी. कपाटं, नळ्या, तरंगते धूळकण. मॉनिटरवर हे सगळं सपाट वाटतं. ती मात्र एका खांबापाशी खरंच मान वाकवते.

कथेबद्दल एवढंच सांगता येईल की या स्थानकावर पाणी थेंबाथेंबानं मोजलं जातं. घाम, श्वास, मूत्र, सगळं गाळून पुन्हा पिण्यात येतं. एका रात्री हिशेबात दोन लिटर पाणी जास्त निघतं. खुनाचा धागा तिथे आहे. पहिल्या दिवशी ही गोष्ट वाचली तेव्हा तिला ती लगेच पटली. तिच्या गावात उन्हाळ्यात टँकरचं पाणी बॅरलवर मोजून घेतात आणि कोणाकडे दोन घागरी जास्त गेल्या हे गल्लीला संध्याकाळपर्यंत माहीत असतं.

खुनी कोण, हे तिला पाच महिन्यांपासून ठाऊक आहे. आजची त्या खोलीतली तिची फेरी तीनशेच्या पुढची असेल. तिनं मोजणं सोडून दिलं आहे.

१०:४५
आता खरं काम. ती पुरावे खाली टाकते.

टेबलावर एक काचेची नळी आहे. तिच्यात पाण्याचा नमुना. ती उचलून तपासयंत्रात ठेवली की तपास पुढे सरकतो. सरळ माणूस तेच करेल. ती तसं एकदाच करते. मग नळी जमिनीवर टाकते. छताकडे फेकते. दार बंद होताना फटीत धरते. कपाटात ठेवून कपाट लावते. डाव्या हातातून उजव्या हातात देताना मध्येच सोडते. नळी हातात असताना सेव्ह करते, बाहेर पडते, परत येते. आहे का हातात? आहे. पुन्हा.

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेत नायक झुंजारला सापडायचा पुरावा लेखकाच्या ताब्यात असतो. तो पान उलटलं की हजर. वाचकाला तो हरवता येत नाही. इथे पुरावा खेळणाऱ्याच्या हातात दिलेला आहे आणि तो त्याचं काय करेल याचा भरवसा नाही. नळी भिंतीपलीकडे गेली तर खून उलगडणारच नाही. चार तास खेळलेला माणूस तिथेच अडकून बसेल आणि त्याला वाटेल, आपल्यालाच सुचत नाहीये. तिला याचा फार राग येतो. "तो बिचारा स्वतःला मठ्ठ समजणार. आणि चूक आपली."

भिंतीपलीकडे जाते कशी? संगणक वस्तू सतत बघत नसतो. सेकंदाचा बारीक तुकडा संपला की एकदा बघतो, नळी कुठे, भिंत कुठे, धडकली का. नळी लहान, भिंत पातळ, फेक जोरात. एका बघण्यात नळी भिंतीच्या अलीकडे असते, पुढच्या बघण्यात पलीकडे. मधल्या वेळात झालेली धडक कुणी पाहिलीच नाही. म्हणून ती जोरात फेकते. खांदा दुखेपर्यंत.

११:२५ ला सापडलं. ती हेडसेट कपाळावर सरकवते आणि उभ्यानंच टाइप करते. मी मराठीत देतो: चौथी खोली. नळी डाव्या हातात घ्या. खिडकीजवळ उडी घ्या. हात भिंतीत घाला. सोडा. नळी भिंतीत राहते. परत मिळत नाही. तपास थांबतो. १० पैकी ६ वेळा.

ते '१० पैकी ६' लिहायला तिला आणखी वीस मिनिटं लागली. दहा वेळा केलं तेव्हा लिहिलं.

१२:१५
नियम असा, की चाळीस मिनिटं आत, पंधरा मिनिटं बाहेर. बाहेर आली की ती मान मागे टाकून बसते. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ. हा हेडसेट क्वेस्ट २, वजन ५०३ ग्रॅम. अर्धा किलो टोमॅटो डोळ्यांपुढे टांगल्यासारखं. तिनं मागच्या पट्ट्याला एक पॉवर बँक बांधली आहे. एकूण वजन वाढलं, पण मान पुढे ओढली जात नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये केलेलं यंत्र तर छताला टांगावं लागे, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मान तरी वाचत असेल."

दुपारी १:१०
डबा सत्तर रुपयांचा. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, आमटी, भात. शेंगदाण्याची चटणी घरची. सोलापुरी असल्यामुळे बाकी टेबलावरचेही हात पुढे करतात.

या कामाकडे वळलीस कशी, विचारलं. यंत्रमानवाची गोष्ट तिनं पहिल्यांदा वाचली ती शाळेच्या कपाटातल्या जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये. व्हीआरमधली पहिली कथा पाहिली इथे आल्यावर, 'द इन्व्हिजिबल अवर्स'. माद्रिदच्या तेकिला वर्क्स या स्टुडिओनं २०१७ मध्ये आणलेला खेळ. निकोला टेस्लाचं बेटावरचं घर, पावसाळी रात्र, टेस्लाचा खून, आणि घरात अडकलेले पाहुणे. त्यात थॉमस एडिसन आहे, नटी सारा बर्नहार्ट आहे. खेळणारा कुणालाच दिसत नाही. ज्याच्या मागे जावंसं वाटेल त्याच्या मागे जायचं. तुम्ही दिवाणखान्यात थांबलात तरी वरच्या खोलीत घडायचं ते घडत राहतं. काळ मागे फिरवायचा, या वेळी जिना चढायचा, आणि मघाशी नुसता ऐकू आलेला आवाज कशाचा होता ते बघायचं.

"मी त्यात एकट्या बटलरच्या मागे पूर्ण वेळ फिरले," ती म्हणते. "बाकी लोक भांडत असतात तेव्हा नोकरमाणूस काय करतो ते बघायचं होतं."

त्या स्टुडिओनं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हे तिला माहीत आहे. डब्याचं झाकण लावताना एवढंच म्हणाली, "चांगला केला होता हो त्यांनी."

२:१५
भिंतीवर पेन्सिलीनं खुणा आहेत. चार फूट, साडेचार, पाच, सव्वासहा. वाढत्या मुलाची उंची मोजतात तशा. दिवसाचा हा भाग मला सर्वांत आवडला.

ती सगळ्यांच्या अंगानं खेळते. आधी गुडघ्यावर बसून, म्हणजे चार फुटांचा माणूस. मग प्लास्टिकच्या खुर्चीत, कारण कित्येकांना तासभर उभं राहवत नाही. मग स्टुलावर चढून, म्हणजे उंच माणूस. सहकारी मुलगा तेव्हा स्टूल धरून उभा असतो, कारण हेडसेट घातल्यावर स्टुलाची कड दिसत नाही. उंच माणसाचं डोकं स्थानकाच्या छतात घुसतं आणि त्याला एकदम बाहेरचं काळं आकाश दिसतं. लिहिलं. खुर्चीतल्या माणसाचा हात वरच्या फळीवरच्या वहीपर्यंत पोचत नाही. पाण्याचा हिशेब त्याच वहीत आहे. लिहिलं. चष्मेवाल्यासाठी ती काच नसलेली फ्रेम घालते. फ्रेम फोममध्ये रुतते, कानामागे टोचते.

मग डावरा माणूस. मग चाचण्यांच्या शीटवर नसलेली एक गोष्ट. उजवा कंट्रोलर ती टेबलावर ठेवून देते आणि एका हातानं पहिलं प्रकरण खेळायला लागते. दार उघडतं. नळी उचलता येते. तपासयंत्राचं झाकण मात्र एका हातानं धरून दुसऱ्या हातानं नळी आत घालावी लागते. तिथे अडलं. तिनं झाकण वर करून पाहिलं, सोडून पाहिलं, ते दर वेळी खाली येतं. अकरा मिनिटं गेली.

"माझ्या आत्याचा उजवा हात चालत नाही," ती म्हणाली. "तिला मी असले खेळ दाखवते सुट्टीत."

३:४०
मला हेडसेट घालून दिला. तिनं माझ्या डोळ्यांतलं अंतर विचारलं, भिंगं सरकवली, पट्टा ओढला. बोगदा दिसला. मी वाकून नळी उचलली आणि तिचा जडपणा जाणवला, हातात काहीच नसताना. मग खेळणं सोपं वाटून मी उडीनं एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी जाण्याऐवजी कंट्रोलरवरची काठी ढकलून सरळ चालायला लागलो. डोळे म्हणत होते चाललास, कानातला तोल म्हणत होता उभा आहेस. दोन मिनिटांत कपाळाला घाम. तिनं न विचारता हेडसेट उतरवला, खुर्ची दिली आणि पर्समधून आलेपाकाची वडी काढून हातावर ठेवली. पाकीट तीस रुपये, आठवडाभर पुरतं. ते तिचं तिलाच घ्यावं लागतं.

४:२०
स्थानकाच्या बागेत चित्र अडखळतं. सेकंदाला नव्वद चित्रं हवीत, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम ११ मिलिसेकंद. पानं फार झाली की चित्रं साठावर येतात. ती पाच ठिकाणी उभी राहून आकडे टिपते. इथे बघण्यासारखं काही नाही. ती नुसती उभी, मान हळू डावीकडे, हळू उजवीकडे.

४:५०
खाली टपरीवर चहा, बारा रुपये. आता चालतो, कारण आत जायचं फारसं उरलेलं नाही. तिचे टीम लीड तिथेच भेटतात. बग किती गंभीर, ते ए, बी, सी अशा अक्षरांनी ठरतं.

"भिंतीतली नळी तू ए टाकलीस?"

"हो सर. तपास थांबतो ना."

"अगं, भिंतीत हात कोण घालणार? बी कर."

"बसून खेळणारा घालतो सर. त्याला वाकता येत नाही, तो हात ताणतो. मी खुर्चीतून करून बघितलं. सहजच जातो हात."

ते चहा संपवतात. "व्हिडिओ आहे?"

"लावलाय."

"मग राहू दे ए."

५:३०
समुद्रापारचा कॉल. तिथे दुपारचे दोन. मी खोलीबाहेर थांबलो. काचेतून दिसत होतं, की ती इंग्रजीत सावकाश बोलते आणि बोलताना हातानं झाकण धरल्याची खूण करते. वीस मिनिटांनी बाहेर आली. नळीचा बग उद्याच्या बिल्डमध्ये सुटेल. छतातलं आकाश खेळ बाजारात गेल्यावर बघू. एका हाताची चाचणी कुठल्या शीटवर होती, असं विचारलं. कुठल्याच नाही, म्हणाली. मग शीटमध्ये घाला, म्हणाले. आता ती रोज करायची. वेळ तेवढाच.

तिला त्याचा आनंद झालेला दिसत होता. पाणी प्यायली आणि लगेच शीट उघडून ओळ वाढवली.

६:४५
आजचे बग सात. ए एक, बी चार, सी दोन. सेल चार्जरला. फोम उलटा करून पंख्याखाली, कारण एप्रिलमध्ये एसी असूनही तो घामानं जड होतो. झाडूपोछावाल्या मावशी येतात, टेपचा चौकोन जपून पुसतात. टेपचा एक कोपरा सुटला आहे हे त्याच दाखवतात. ती वाकून अंगठ्यानं दाबून बसवते.

मॉनिटरच्या कडेवरची सकाळची टिकली निघते, पण चिकटत नाही. ती पाकिटातून नवी काढते. जुनी तिथेच, बारावी.

७:३०
बसमध्ये उभ्यानं. आईचा फोन. बोलणं मला ऐकू येतं, कारण आई मोठ्यानं बोलते.

"सापडला का गं खुनी?"

"तो कधीचाच सापडलाय, आई. त्याच्याविरुद्धचा पुरावा भिंतीत जातोय."

"मग काढ की बाहेर."

"उद्या काढणारेत. टँकर आला?"

"आला. आपल्याला तीन बॅरल."

"तीन? मागच्या खेपेला चार होते ना?"

"चार होते," आई म्हणते, आणि मग त्या दोघी एक बॅरल कुठे गेलं असेल ते घरोघर मोजायला लागतात.