कोरड्या भिंतीचा सांधा

विटांच्या अथवा जांभ्या चिऱ्यांच्या घरात ज्याचे बालपण गेले, असा मराठी गृहस्थ अमेरिकेत घर घेतो आणि भिंतीवर बोटाने टकटक करून पाहतो, तेव्हा आतून येणारा पोकळ नाद ऐकून ‘ही तर पुठ्ठ्याची भिंत’ असा निवाडा तो तत्काळ देऊन टाकतो. हा निवाडा पुराव्याला धरून नाही. ही भिंत ड्रायवॉलच्या तक्त्यांची असते; तक्त्याचा जाड कागद हे केवळ आवरण असून त्याच्या आत जिप्समचा गाभा असतो. शुद्ध जिप्समच्या वजनापैकी सुमारे २१ टक्के भाग स्फटिकात बद्ध झालेल्या पाण्याचा असतो, आणि आग लागली असता हे पाणी वाफ होऊन निघून जाईपर्यंत मागच्या लाकडी सांगाड्याला उष्णतेची पूर्ण झळ पोहोचत नाही. ऑगस्टीन सॅकेट याने या तक्त्याच्या पूर्वरूपाचे पेटंट १८९४ साली घेतले होते. परंतु ओल्या गिलाव्याला लागणारा वेळ आणि कुशल कारागीर ही दोन्ही दुर्मिळ झाली त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच त्याचा प्रसार खऱ्या अर्थाने झाला.

ड्रायवॉलचे काम स्वतःच्या हाताने करू पाहणाऱ्याला तक्ते चढविण्याचेच भय अधिक वाटते. वास्तविक ४ फूट रुंद व ८ फूट लांब तक्ता उचलण्यास सोबती असला, आणि छत आधी, भिंती नंतर हा क्रम पाळला, म्हणजे ते काम एका दिवसात अंगवळणी पडते. चूक होते ती स्क्रू पिळताना. स्क्रू जितका खोल तितका तक्ता घट्ट, ही समजूत सर्वस्वी उलटी आहे. स्क्रूच्या डोक्याला धरून ठेवतो तो कागद, आणि तो फाटला की आतल्या ठिसूळ जिप्समवर भार पेलण्याची जबाबदारी येते, जी त्याला पेलत नाही. डोके कागदाच्या किंचित खाली जावे, कागद मात्र अभंग राहावा.

सर्वांत दृढमूल गैरसमज सांध्यांविषयीचा आहे. आपल्याकडील रंगारी ज्या जातीच्या पदार्थाला लांबी म्हणतो, तसला लेप सांध्यावर जाड थापला की सांधा नाहीसा होतो, असे बहुतेकांना वाटते. परंतु डब्यातील तयार लेप पाणी उडून वाळतो, वाळताना आकसतो, आणि थर जाड असेल तर तडकतो. म्हणून प्रथम कागदी पट्टी लेपात बसवावी, कारण तिच्यावाचून सांधा घराच्या नित्याच्या हालचालीने पुन्हा उकलतो. आणि नंतर ६, १०, १२ इंच अशा वाढत्या रुंदीच्या पात्यांनी, प्रत्येक थर पुरता वाळू देऊन, पातळ हात फिरवावेत. तक्त्याच्या लांब कडा कारखान्यातच उतरत्या केलेल्या असतात, त्यामुळे तेथील खोलगटीत पट्टी व लेप सामावून जातात. आखूड कडांना मात्र तशी सोय नसते, आणि तेथे उंचवटा होणारच. तो खरवडून काढण्याचा हट्ट धरणारा शेवटी पट्टीच उघडी पाडतो. नवशिक्याचा उत्साह मावळतो तो बहुधा याच ठिकाणी, आणि मला त्याचे वाईट वाटते. कारण उपाय अवघड नाही. डोळ्याला उंची कळत नाही, उतार कळतो. सबब तोच उंचवटा दोन्ही बाजूंस मिळून दोन-अडीच फूट रुंदीत पसरवावा, म्हणजे भिंतीलगत दिवा आडवा धरला तरी सावली पडत नाही.

हिरव्या कागदाचा तक्ता जलाभेद्य असतो, हीही समजूत खरी नव्हे. तो केवळ दमटपणा काहीसा सोसतो. शॉवरच्या भिंतीस फरशीखाली सिमेंटच्या तक्त्यासारखा ओल सोसणारा तक्ता हवा.

राहता राहिला काचकागद. लेप कसाही ओढला तरी घासून सारे सारखे करता येईल, या भरवशावर काम करणारा वाळलेल्या लेपाची बारीक धूळ दिवसभर फुप्फुसांत ओढून घेतो, आणि तिच्यात सिलिकाही असू शकते. मुखपट्टी बांधावी, शक्य तेथे ओल्या स्पंजने पुसून काम भागवावे. जुन्या घरात तर याहून मोठी खबरदारी हवी, कारण पूर्वी सांध्याच्या लेपात ॲस्बेस्टॉस मिसळीत असत, आणि अशा लेपांच्या ग्राहकविक्रीवर अमेरिकेत १९७७ साली बंदीचा हुकूम निघाला. आपले घर १९८०च्या आधीचे असेल, तर प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घेतल्यावाचून त्या भिंतीला काचकागद लावू नये.