मेंदूच्या आवरणाची गाठ : रिपोर्टातला ‘ग्रेड’ म्हणजे काय?

‘डोक्यात गाठ आहे’ एवढे ऐकले की घरातल्यांच्या पायांखालची जमीन सरकते. पण डोक्यातल्या सगळ्याच गाठी एका जातीच्या नसतात. त्यांतली नेहमी आढळणारी एक गाठ मुळात मेंदूत उगवतच नाही. मेंदूभोवती जी आवरणे असतात, त्यांच्या पेशींतून ती वाढते आणि मेंदूला बाहेरून दाबते. हिला मेनिंजिओमा म्हणतात. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदांनी १९२२ साली दिले. उतारवयात ही गाठ जास्त दिसते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक.

ती बहुधा सावकाश वाढते. त्यामुळे डोकेदुखी, नजर अधू होणे, एका हातापायातली शक्ती कमी होणे, स्वभावात बदल, किंवा उतारवयात पहिल्यांदाच आलेली फिट यांपैकी कशानेही तिचा सुगावा लागतो. एमआरआय काढला की अंदाज येतो. काही गाठी लहान असतात, त्रास देत नाहीत. त्यांच्यावर नुसती नजर ठेवली तरी भागते. मात्र गाठीचा खरा स्वभाव कळतो तो ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे जाते. तिचे तुकडे मेणात बसवून ठोकळे करतात. त्यांनाच ब्लॉक म्हणतात. ब्लॉकमधून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाचपट एवढे पातळ काप काढून काचेवर घेतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रे निळी-जांभळी दिसतात, बाकीचा भाग गुलाबी. या गाठीत पेशी पुष्कळदा भोवऱ्यासारख्या गोल गोल मांडलेल्या दिसतात. मधूनमधून चुन्याचे बारीक खडे सापडतात, वाळूच्या कणांसारखे. शंका राहिली तर खास रंगतपासण्या करून ही गाठ मेनिंजिओमाच आहे ना, याची खात्री करतात.

मग येतो ग्रेड. जागतिक आरोग्य संघटनेने याचे तीन वर्ग ठरवले आहेत. मुख्य कसोटी अशी, की किती पेशी दुभंगताना दिसतात. पॅथॉलॉजिस्ट मोठ्या भिंगाखाली लागोपाठची दहा क्षेत्रे, म्हणजे सारी मिळून जेमतेम दीड चौरस मिलिमीटर जागा, मोजतो. चारपेक्षा कमी पेशी दुभंगताना दिसल्या आणि दुसरे काही वावगे नसले, तर ग्रेड १. चार ते एकोणीस दिसल्या तर ग्रेड २. वीस किंवा त्याहून जास्त असतील तर ग्रेड ३.

मोजणी कमी आली तरी गाठ मेंदूच्या पेशीजालात घुसलेली दिसली, तर ती ग्रेड २ धरतात. हा स्वतंत्र निकष २०१६ च्या वर्गीकरणात आला. २०२१ च्या वर्गीकरणाने जनुकांच्या तपासणीलाही स्थान दिले. काही ठरावीक बदल सापडले तर भिंगाखाली सौम्य वाटणारी गाठही ग्रेड ३ मध्ये जाते. सुदैवाने दहापैकी सुमारे आठ गाठी ग्रेड १ च्या असतात. त्या कॅन्सर नव्हेत.

घोटाळा होतो तो शब्दांचा. मध्यंतरी एक गृहस्थ आईचा रिपोर्ट घेऊन आले. रात्रभर झोपले नव्हते. म्हणाले, “डॉक्टर, ग्रेड दोन लिहिलंय. म्हणजे कॅन्सरची दुसरी स्टेज ना? आईला सांगू कसं?” कागद पाहिला तर ते डिस्चार्ज कार्ड होते, आणि तो ग्रेड शल्यविशारदांनी लिहिलेला. गाठ कितपत निघाली हे सांगणारी सिम्पसन नावाची ही मोजपट्टी १९५७ पासून वापरात आहे. तिच्यात १ म्हणजे गाठ आवरणासकट पूर्ण निघाली. २ म्हणजे गाठ पूर्ण निघाली, पण चिकटलेल्या जागी आवरण काढण्याऐवजी ते जाळून घेतले. पॅथॉलॉजीचा कागद पिशवीच्या तळाशी होता. त्यावर ग्रेड १ होता.

म्हणून लक्षात ठेवा, ग्रेड म्हणजे स्टेज नव्हे. आजार अंगात किती पसरला हे स्टेज सांगते. गाठीच्या पेशी किती आडदांड आहेत हे ग्रेड सांगतो.

याच्या उलट चूकही मी पाहतो. ग्रेड २ चा रिपोर्ट असतो, पण ‘गाठ साधी आहे’ एवढेच कानावर राहते आणि माणसे पुढच्या एमआरआयला जातच नाहीत. ग्रेड २ ची गाठ पुन्हा उगवण्याचा संभव ग्रेड १ पेक्षा जास्त. तिच्यात काही वेळा शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागतो. ग्रेड ३ मध्ये तो बहुधा देतातच. ग्रेड १ चा रुग्णही कायमचा सुटला असे समजू नये. गाठीचा भाग मागे राहिला असेल तर ती काही वर्षांनी डोके वर काढू शकते.

तेव्हा वाचकांना माझे सांगणे एवढेच. ऑपरेशननंतर दोन प्रश्न विचारा : गाठ कितपत निघाली, आणि पॅथॉलॉजीचा ग्रेड किती? दोन्ही उत्तरे कागदावर घ्या. पुढचा एमआरआय केव्हा, तेही लिहून घ्या. जुन्या रिपोर्टात ग्रेड रोमन आकड्यांत असेल तर गोंधळू नका. रिपोर्टाची झेरॉक्स घरी ठेवा आणि मूळ प्रत जपा. ब्लॉक व काचा कोणत्या प्रयोगशाळेत आहेत त्याची नोंद करा, म्हणजे पुढे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे झाले तर पुन्हा डोके उघडण्याऐवजी तेच ब्लॉक तपासता येतील. आणि रिपोर्ट हाती आला की शेजाऱ्यांना दाखवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा.