आधी आधण, मग अंडं

ऑक्टोबरमध्ये जागतिक अंडी दिन येतो. १९९६ साली व्हिएन्नाच्या परिषदेत ठरल्यापासून ऑक्टोबरचा दुसरा शुक्रवार अंड्याचा. त्या निमित्ताने प्रथिनं किती, कोलेस्टेरॉलची भीती खरी की खोटी, रोज किती खावीत, ही चर्चा दरवर्षी होते आणि वाचकांना ती एव्हाना पाठ आहे. तिच्या जोडीला नेपल्सचं बत्तीस मिनिटांचं अंडंही पुन्हा मोबाइलवर फिरू लागलं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘कम्युनिकेशन्स इंजिनीअरिंग’ या नियतकालिकात नेपल्सच्या संशोधकांनी ते मांडलं होतं. एका पातेल्यात उकळतं पाणी, दुसऱ्यात ३० अंशांचं. दर दोन मिनिटांनी अंडं एकातून काढून दुसऱ्यात टाकायचं, असं बत्तीस मिनिटं.

त्यामागचा विचार सुंदर आहे. पांढरा भाग नीट घट्ट व्हायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, पिवळ्याला ६५ पुरते. एकाच पाण्यात दोघांना न्याय मिळत नाही. पातेली बदलत राहिलं की बाहेरचा पांढरा भाग तापतो-निवतो, आणि आतला पिवळा मात्र ६७ अंशांच्या आसपास स्थिर राहून लोण्यासारखा मऊ होतो. पदार्थविज्ञान म्हणून मला हे फार आवडलं. पण रविवारी सकाळी डझनभर अंडी उकडून रस्सा करणाऱ्या माणसाची अडचण वेगळीच असते. शिजण्याबद्दल त्याची तक्रार नसते. टरफल काढताना पांढऱ्याचे लचके निघतात आणि रश्श्यात सोडायला खड्डे पडलेली अंडी उरतात, हे त्याचं दुखणं. या दुखण्यावर आपल्याकडे गंभीरपणे कोणी लिहीत नाही. त्याचं शास्त्र स्वच्छ आहे आणि उपाय जवळजवळ फुकट आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात कोंबडीपासून करावी लागते. नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्यामुळे त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ७.६ असतो. शेतकरी मातीचा बघतात तोच हा सामू. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून तो वायू हळूहळू निसटतो आणि सामू चढत चढत ९.२ च्याही वर जातो. कवचाच्या आत दोन पातळ पापुद्रे असतात. सामू कमी असेपर्यंत शिजताना पांढऱ्यातली प्रथिनं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतात. सामू चढला की ती पकड सैल होते.

याचा अर्थ असा, की न सुटणारं टरफल हा अंड्याच्या ताजेपणाचा पुरावा आहे. गावाकडून सकाळी आणलेली गावरान अंडी दुपारी उकडली की हमखास चिकटतात, आणि मग ‘गावठी अंड्यांची सालच जाड’ असा निष्कर्ष घरोघरी निघतो. त्यात त्या कोंबडीचा काही दोष नाही. तीच अंडी चार-पाच दिवस बाहेर राहिली की सोलायला सोपी होतात. फ्रिजमध्ये ठेवली तर वायू सावकाश सुटतो, तिथे आठवडा-दहा दिवस धरावे लागतात.

महाराष्ट्रातल्या बाजाराची अंडी मात्र बहुधा प्रवास करूनच येतात. राज्याची रोजची गरज सव्वादोन कोटींच्या वर, आणि आपल्याकडे निघतात कोटी-सव्वा कोटी, असं पशुसंवर्धन विभागानेच २०२३ च्या जानेवारीत सांगितलं होतं. उरलेली कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूतून ट्रकने येतात. त्या वाटेवरच्या उष्म्यात सामू आपोआप चढतो. टपरीवर तीस अंड्यांचा ट्रे भराभर सोलणाऱ्या विक्रेत्याचा हात सराईत असतोच, पण त्याचं अर्धं काम रस्त्याने केलेलं असतं.

तरीही कधी कधी बाजारचं अंडंही चिकटतं. तिथे दुसरी गोष्ट येते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. अंड्याला पहिली उष्णता कशी मिळाली?

यावर सर्वांत चिकाटीने काम केलं ते जे. केन्जी लोपेझ-आल्ट या अमेरिकी पाककला लेखकाने. एमआयटीत शिकलेला हा माणूस स्वयंपाकघरातली प्रत्येक समजूत प्रयोगाला लावतो. ‘द फूड लॅब’ हे त्याचं २०१५ चं जाडजूड पुस्तक त्याच वृत्तीतून आलं. २०१९ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’साठी त्याने सातशेहून जास्त अंडी वेगवेगळ्या रीतींनी शिजवली आणि स्वयंसेवकांकडून सोलून घेतली. कोणतं अंडं कोणत्या रीतीने शिजलंय, हे सोलणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. अंड्याला भोक पाडणं, पाण्यात सोडा टाकणं यांसारखे तोडगे त्यात टिकले नाहीत. टिकली ती एकच गोष्ट. अंडं थंड पाण्यात ठेवून पाण्याबरोबर तापवलं तर चिकटतं. थेट उकळत्या पाण्यात किंवा भरलेल्या वाफेत गेलं तर सुटतं. आणि या दोघांत वाफ सरस ठरली.

कारण असं दिलं जातं. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात पांढऱ्यातल्या प्रथिनांना पापुद्र्याशी जुळायला निवांत वेळ मिळतो. अचानक उष्णता बसली की ती झटकन आपापसात गोठतात, आकसतात, आणि पापुद्रा मोकळा राहतो. सातशे अंड्यांचा खटाटोप कोणाला अतिरेकी वाटेल. मला तो आदरणीय वाटतो, कारण आपल्या पाककृतींत पिढ्यान्‌पिढ्या ‘अंडी पाण्यात घालून गॅसवर ठेवा’ हे वाक्य उतरत आलंय आणि ते कोणीच तपासलं नाही.

ज्या महाराष्ट्रात उकडीचे मोदक होतात, तिथे वाफेचं शास्त्र कोणी शिकवायला नको. पाण्याला आधण आल्याशिवाय आपण मोदकपात्रात मोदक ठेवत नाही. अंड्यालाही तोच नियम लावायचा. मोदकपात्रात अंडी चालणार नसतील अशी घरं आहेत, आणि ती भावना राखावी. पातेल्यावर बसणारी चाळण तितकंच काम करते. पातेल्यात दोन बोटं पाणी, खळखळून उकळी, मग चाळणीत अंडी आणि वर घट्ट झाकण. आपल्याकडची मध्यम आकाराची अंडी दहा-अकरा मिनिटांत पूर्ण शिजतात. फ्रिजमधून काढलेली असतील तर मिनिटभर जास्त. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं, तिथे आणखी थोडं थांबावं. वाफेत अंडी एकमेकांवर आपटत नाहीत, म्हणून तडकतातही कमी.

वेळ झाली की लगेच गार पाण्यात, बर्फ असेल तर उत्तम. आतलं शिजणं तिथे थांबतं, आणि पिवळ्याभोवती ती हिरवट-राखाडी कडा येत नाही. पांढऱ्यातून सुटणारा गंधकाचा वायू आणि पिवळ्यातलं लोह जास्त शिजवल्यावर भेटतात, त्यातून ती कडा येते. अपायकारक नाही, पण दिसायला वाईट. सोलताना रुंद टोकाकडून सुरुवात करावी. हवेची पोकळी तिथेच असते, त्यामुळे पापुद्रा बोटात लगेच येतो. अंडी पाण्यातच उकडत असाल तर मीठ घालण्याची सवय सोडायची गरज नाही, फक्त तिचं काम वेगळं आहे. अंडं तडकलंच तर मिठामुळे बाहेर येणारा पांढरा भाग तिथल्या तिथे गोठतो. सोलण्याशी मिठाचा संबंध नाही.

घरी सहा अंडी उकडणाऱ्याला हे सोयीचं आहे एवढंच. शंभर-दीडशे उकडणाऱ्या बाईसाठी ते फार मोठं आहे, आणि मला खरं तर तिच्याबद्दल लिहायचं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी बंद केला आणि लोकसहभागातून भागवा असं शाळांना सुचवलं. हा निर्णय चुकीचा होता. ज्या मुलांच्या घरी अंडं परवडत नाही, त्यांच्याच गावात लोकवर्गणी जमत नाही. निधी परत मिळावा ही मागणी जागतिक अंडी दिनाच्या प्रत्येक भाषणात यायला हवी.

आणि तो परत येईल तेव्हा शाळेतल्या स्वयंपाकी ताईंचा विचार व्हावा. मधल्या सुट्टीच्या आधी, खिचडी शिजत असताना, दीडशे अंडी सोलणं म्हणजे काय ते त्यांनाच माहीत. एका चिकटणाऱ्या अंड्यामागे अर्धं मिनिट वाया गेलं तरी दीडशेमागे सव्वा तास जातो, शिवाय फाटलेलं अंडं मुलांच्या ताटात जातं ते वेगळंच. मोठं पातेलं काठोकाठ भरून उकळायला जो गॅस लागतो, त्याच्या तुलनेत वाफेला दोन बोटं पाण्यापुरताच लागतो. निधीच्या आदेशात प्रत्येक शाळेसाठी जाळीचं एक मोठं वाफेचं भांडं घालावं, आणि अंडी शिजवण्याच्या दोन-तीन दिवस आधी शाळेत पोचतील असं पुरवठादाराला बजावावं. शिक्षण विभागाला यासाठी समिती नेमायची गरज नाही.